खिडकीकडची खुर्ची

१

आमच्या वॉर्डाचं सरकारी नाव केएमसी कक्ष. बायका त्याला छातीची खोली म्हणतात आणि मला तेच नाव जास्त पटतं. चार आरामखुर्च्या, एक पंखा, भिंतीवर हसऱ्या आईचं पोस्टर आणि दिवसभर छातीशी लेकरं बांधून बसलेल्या बायका, एवढीच ती खोली. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकराला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. म्हणून त्याला टोपी आणि लंगोट एवढंच ठेवायचं, बाईच्या उघड्या छातीवर पालथं घालायचं आणि वरून जुन्या लुगड्याचा पट्टा गुंडाळून काखेखाली गाठ मारायची. गाठ मी स्वतः मारते. ते काम मी कुणावर सोपवत नाही.

आई नसेल तर आजी, आजी नसेल तर आत्या, आणि कुणीच नसेल तर बापाला शर्ट काढून बसवते. गडीमाणसं लाजतात. मी म्हणते, विहिरीवर उघड्याने आंघोळ करताना लाजला नाहीस, मग इथे कसली लाज? साळवे सिस्टर फटकळ आहे असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे. पण माझ्या वॉर्डातलं लेकरू गार पडत नाही.

कारखान्याचं गाळप सुरू झालं की आमच्याकडे गर्दी वाढते. त्या हिवाळ्यात निकिताला उसाच्या फडातून थेट आमच्याकडे आणलं. पाथर्डीकडचं कुटुंब, तोडीला आलेलं. मुलगी झाली, दिवस भरायच्या बरंच आधी. निकिताचं रक्त थांबेना, तेव्हा तिला नवऱ्यासोबत नगरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. मुलीला तो प्रवास सोसला नसता, म्हणून ती आमच्याकडे काचेच्या खोलीत, पेटीत राहिली. सोबत निकिताची सासू, झुंबरबाई.

मुलगी काचेतून बाहेर काढायच्या जोगी झाली, त्या दिवशी दुपारी वॉर्डात नुसता गोंधळ होता. दोन बाया बाळंतपणाच्या टेबलावर, एक सिस्टर रजेवर, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. मी खांद्याशी मोबाईल धरून नगरला निकिताच्या रक्ताचं विचारत होते आणि हातात तिची मुलगी होती. खिडकीकडच्या खुर्चीत बाई बसलेली दिसली. झुंबरबाईच असणार म्हणून मी लेकरू तिच्या छातीवर ठेवलं आणि पट्टा गुंडाळला. गाठ मारायची वेळ आली तसा तिने स्वतःहून हात वर केला. मला बरं वाटलं, कारण नव्या बाईला ते सांगावं लागतं. हातात हिरव्या बांगड्या होत्या. अंग उन्हातून आल्यासारखं तापलेलं होतं. तोंडाकडे मी पाहिलं नाही, फोनवरचा माणूस माझ्यावर खेकसत होता.

पुढचं काम उरकून मी परत येते, तर दारात झुंबरबाई. हातात डबा, डोक्यावर पदर.

"ताई, लेकरू कुठंय? म्या भाकर आनाय गेल्ते, आत्ता येतीय."

तिच्या मनगटात नुसतं एक काळं कडं होतं.

मी खिडकीकडे गेले. खुर्चीत मुलगी होती, रेक्झिनवर पालथी, शांत झोपलेली. भोवती लुगड्याचा पट्टा होता. माझी गाठ जशीच्या तशी होती, सुटलेली नव्हती आणि सैलही झाली नव्हती. एखादी बाई मावेल एवढा तो वेढा होता आणि त्यात बाई नव्हती.

२

माझ्या तोंडाचा पट्टा मग संध्याकाळपर्यंत चालू होता. कोण बसली होती इथे? लेकरू टाकून कोण उठली? वॉर्डातल्या तिघीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या म्हणाल्या की त्या खुर्चीत कुणी नव्हतंच, सिस्टर आल्या, वाकल्या, काहीतरी बांधलं आणि गेल्या.

"म्हंजी मला वाटलं तुमी तसंच ठिवता," त्यातली एक म्हणाली. "म्हनलं नवीन पद्धत आसंल सरकारची."

आता याला काय म्हणायचं? मी माझ्याशी नीट हिशेब मांडला. कुणाची तरी नातेवाईक येऊन बसली असणार. लेकरू अंगावर आलं तशी घाबरली असणार आणि पट्ट्याखालून सरकून निघून गेली असणार. आपल्यावर आळ येईल म्हणून आता गप्प. सरकारी दवाखान्यात माणसं याहून विचित्र वागतात, मी पाहिलेलं आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दर रविवारी सांगतात की मनातली भीती हीच खरी सैतानाची खोली, तेही आठवलं. लेकरू पडलं असतं तर, हा विचार मात्र रात्री घरी भाकरी थापतानाही सुटला नाही.

आमचे डॉक्टर कल्याण सर तरुण आहेत आणि खूश व्हायला त्यांना थोडं पुरतं. संध्याकाळच्या राउंडला त्यांनी मुलीचे तळपाय हातात धरले. जन्मल्यापासून ते पाय कधी पुरते गरम झाले नव्हते, वॉर्मरखालीसुद्धा.

"वा, साळवे सिस्टर! आजीची छाती कामाला आली."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

३

दुसऱ्या दिवसापासून मी झुंबरबाईला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहून गाठ मारली. झुंबरबाई धट्टीकट्टी, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी बाई. अंग छान ऊबदार. तरी मुलीचे पाय पुन्हा गार पडायला लागले. दूध नळीने घालत होतो, ते पचेना. आणि ती रडायची नाही, नुसती मान वळवायची. कसंही ठेवलं तरी तोंड खिडकीच्या बाजूला.

"उजेडाकडे बघते," मी म्हणाले.

"डोळं मिटून?" झुंबरबाई म्हणाली.

मग तिचीच कल्पना, की आपण खिडकीकडे बसून बघू. मला नको होतं, पण नको का, हे मला तिला सांगता येईना. ती लेकरासकट त्या खुर्चीत जाऊन टेकली. मी पट्टा सारखा करत होते. तेवढ्यात झुंबरबाई उठली. हळू उठली, एखाद्या वडीलधाऱ्यासमोरून उठावं तशी, आणि बाजूला भिंतीला लागून उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं, झुंबरबाई?"

"ताई, ती खुर्ची रिकामी न्हाई."

"म्हणजे?"

"मांडीवर बसल्यागत झालं मला. कुनाच्या तरी मांडीवर." ती खाली बघत बोलत होती. "मागून छातीसुदिक लागली."

बाकीच्या बायका दुपारची खिचडी खात होत्या. त्यांचे घास थांबले. मी हसून वेळ मारून नेली, म्हणाले रात्री झोप नसली की असं होतं, जा चहा घेऊन ये. मग सगळ्यांच्या देखत मी त्या खुर्चीत जाऊन बसले. फटकळ बाईला असली मिजास दाखवावीच लागते.

रेक्झिन गरम होतं. झुंबरबाई नुकती उठली होती, तेव्हा ते ठीकच. मी पाठ टेकली. टेकलेली पाठ किंचित वर आली, मग खाली गेली, पुन्हा वर आली. मी मनात म्हटलं, भिंतीपलीकडे ऑक्सिजनचं मशीन आहे, त्याचा हादरा असणार. हादरा असा सावकाश येत नाही हे मला कळत होतं, तरी मी तेच म्हणत राहिले. मग उठून, पदराचं टोक खोचून, शांतपणे भिंतीपलीकडे बघायला गेले. आमची वॉर्डातली मावशी, भागूबाई, तिथे फरशी पुसत होती. मशीन बंद होतं. वायर काढून गुंडाळून वर ठेवलेली होती.

"दुरुस्तीला द्यायचंय ना ते," भागूबाई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने फडकं बादलीत टाकलं. "ताई, तुमी बसला व्हय त्या खुर्चीत? म्या तर ती पुसतबी न्हाई."

"का?"

 बादली उचलून ती पुढच्या खोलीत गेली. कामचुकार बाईला निमित्तच हवं असतं, असं म्हणून मी तिच्यावर चिडले. चिडलं की मला जरा धीर येतो.

४

त्यानंतरच्या सकाळी मुलगी निळसर दिसायला लागली.

कल्याण सरांनी तिला परत काचेत घेतलं, वॉर्मर पूर्ण वाढवला, सुई लावली, औषध सुरू केलं. दुपार झाली तरी अंग तापेना. वॉर्मरखाली माझा हात भाजत होता आणि त्याच उजेडात तिचे पाय गार होते. सर म्हणाले, नगरला हलवू. एकशेआठला फोन लावला तर गाडी राहुरीच्या पुढे दुसरा पेशंट घेऊन गेलेली. यायला वेळ लागणार होता, आणि वेळ या मुलीकडे नव्हता हे सरांच्या तोंडावर दिसत होतं. ते पुन्हा पुन्हा फोन लावत बाहेर गेले.

झुंबरबाई दाराशी उकिडवी बसली होती. तिने सगळं पाहिलेलं होतं.

"सुनंला काय सांगू म्या?" ती म्हणाली. "ती तिकडं मरता मरता वाचली. सुद आल्यावर पयलं काय इचारलं तिनं ठावं हाय का? माझा ल्योक बिभीषण फोनवर रडत हुता. लेकरू कुनाजवळ हाय, आसं इचारलं."

मी पुन्हा मुलीचे पाय चाचपले.

"ताई, द्या तिला तिकडं."

"कुणाकडे?"

"तुमाला म्हाईत हाय कुनाकडं. जगू द्या पोरीला. कुनाच्या का छातीवर व्हईना, जगू द्या."

मी वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी केली आहे. दवाखान्यात अंगारा आणणाऱ्यांना हाकललं आहे, लिंबू-मिरच्या कचऱ्यात फेकल्या आहेत. आणि त्या दुपारी मी मुलीची सुई सांभाळत, तिला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीच्या खोलीत नेलं.  मला लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि दोन्हींपेक्षा त्या गार पावलांची काळजी जास्त होती. तिथल्या बायकांना मी बाहेर काढलं. कारण विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

खुर्ची रिकामी होती. खिडकीतून ऊन येऊन अर्ध्या खुर्चीवर पडलं होतं आणि रेक्झिनला मधोमध खड्डा पडलेला होता. मी मुलीला वर ठेवलं. ठेवताना हात रेक्झिनपर्यंत पोचलाच नाही. त्याआधीच काहीतरी लागलं, मऊ आणि तापलेलं. मी डोळे मिटले. पट्टा मागून घालताना तो ज्यावरून गेला त्याला पाठ होती. गाठ मारायला काखेपाशी आले, तशी तिथे जागा झाली. कुणीतरी हात वर केला होता. गाठ मारताना माझ्या बोटांना बरगड्या लागल्या, एकेक मोजता येईल अशा, आणि कानाशी बांगड्या वाजल्या.

मी डोळे उघडले नाहीत. पाठ वळवली आणि मग उघडले. मागे एक लांब श्वास सुटल्याचा आवाज आला, दिवसभर फडात राबून बाई घरी टेकली की सुटतो तसा.

गाडी आली तेव्हा मुलगी गुलाबी झाली होती. मी तिला आधीच काचेत नेऊन ठेवलं होतं. सरांनी तीनदा तपासलं. गाडी रिकामी परत गेली.

५

पुढचे दिवस कसे गेले ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. खिडकीच्या खुर्चीभोवती मी हिरवा पडदा ओढून घेतला. विचारलं तर सांगायचे की झुंबरबाईला लाज वाटते. झुंबरबाई पडद्याच्या आत, पण खाली फरशीवर बसायची आणि हात जोडून ठेवायची. सर राउंडला आले की मी आधी जाऊन गाठ सोडायचे, मुलीला झुंबरबाईकडे द्यायचे. गाठ सोडताना कधी अडलं नाही. पण दर दिवशी लेकरू उचलताना हाताला थोडं जास्त जड लागायचं. वजन वाढतंय, मी म्हणायचे, आणि वजन वाढतही होतं. ती चमच्याने दूध प्यायला लागली, बोट धरायला लागली. वॉर्डातल्या बायका मात्र खुर्च्या ओढून दाराच्या बाजूला बसायला लागल्या. उबेला बरं वाटतं म्हणाल्या. ऊन तर खिडकीकडेच यायचं.

पडद्याआडून कधी कधी गुणगुणल्यासारखं यायचं. शब्द नसायचे. झुंबरबाईला विचारलं, तू गातेस का? तिने नाही अशी मान हलवली आणि पदर तोंडावर घेतला.

मी स्वतःला सांगत होते की आईला येऊ दे, मग हे सगळं संपेल. लेकरू आईच्या हातात दिलं की माझं काम झालं. त्या एका गोष्टीवर मी ते दिवस काढले.

६

निकिता दुपारी आली. बिभीषण तिला धरून आणत होता. ती इतकी वाळली होती की मी तिला ओळखलं ते झुंबरबाईच्या रडण्यावरून. सासूने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. निकिताला कशात रस नव्हता.

"लेकरू कुठंय, ताई?"

"चल, आत आहे. गोड झालीय बघ पोरगी. आधी मी आणते, तू बस."

पण ती थांबली नाही. भिंतीला धरून धरून माझ्या पुढे गेली आणि तिने पडदा बाजूला केला. मी मागे होते. मला खुर्ची दिसली, पट्टा दिसला, त्यात झोपलेली मुलगी दिसली. एवढंच दिसलं. निकिता मात्र दचकली नाही. तिने चटकन पदर सावरला, परक्या बाईसमोर सावरतात तसा, आणि लाजल्यासारखी हसली.

"लई उपकार झाले बाई तुमचं," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. खुर्चीच्या पाठीकडे, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. "द्या आता हिकडं."

 झुंबरबाईने माझा दंड धरला.

निकिता वाकली. दोन्ही हात तिने मुलीच्या अंगाखाली घातले आणि उचलायला गेली. मुलगी उचलली जाईना. निकिताने जरा जोर केला. मुलगी झोपेत कण्हली, पण जागची हलली नाही.

"ताई," निकिता माझ्याकडे वळून म्हणाली. आवाज अजून अदबीचाच होता, फक्त कापायला लागला होता. "या बाई सोडंनात. तुमी सांगा की. त्या म्हनत्यात, सिस्टरनी स्वतः गाठ मारून दिलंय."

 मी पुढे झाले. नातेवाइकांना सांगते त्याच आवाजात बोलायला गेले, पण आवाज निम्माच निघाला. "बाई, आई आलीय तिची. खूप केलंत तुम्ही. आता द्या."

खुर्चीत काही हललं नाही. निकिता तिथे कान देऊन ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

"त्या इचारत्यात," ती म्हणाली, "मंग माझं कुठं ठिवलंय?"

आमच्या नोकरीत एक वाक्य आहे. ते कुणी शिकवत नाही, पण सगळ्या सिस्टरांना येतं. बाळंतीण शुद्धीवर येते, लेकरू गेलेलं असतं, आणि तिच्या अंगात ते ऐकायची ताकद नसते. तेव्हा आम्ही ते बोलतो. दया म्हणून बोलतो, वेळ निघावी म्हणून बोलतो. मी किती बायांना ते बोलले असेन, मला आठवत नाही. त्यातल्या काही खरं कळायच्या आतच वारल्या. माझ्या तोंडातून ते आपसूक निघालं.

"आत आहे, काचेत ठेवलंय. आणते हं आत्ता."

त्याच क्षणी मुलगी निकिताच्या हातात आली, कापसासारखी हलकी. पट्टा रेक्झिनवर गळून पडला. निकिताने लेकरू छातीशी धरलं आणि मटकन खाली बसली, मायलेकी दोघी रडत होत्या, झुंबरबाई माझे पाय धरायला वाकत होती, बिभीषणला काही कळत नव्हतं. मुलगी वाचली. ती निकिताचीच झाली, त्यात आता कुणाचा वाटा नव्हता.

मी त्यांच्यातून वाट काढत काचेच्या खोलीत गेले. तिथे दुपारचा मंद उजेड होता आणि वॉर्मरचा आवाज. मी एकेका पेटीपाशी थांबले. जेवढी लेकरं आत होती, तेवढ्या आया बाहेर व्हरांड्यात डबे सोडून बसल्या होत्या, एकमेकींना लोणचं वाढत होत्या. जास्तीचं एकही लेकरू नव्हतं.

छातीच्या खोलीत खुर्ची कुरकुरली. कुणीतरी उठलं होतं.

मी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. त्या दाराला आतून कडी नाही.